छोट्या तलावावरची बंदी

"आई, ती बघ, तलाव बंद करणारी बाई."

बसमध्ये मागच्या बाकावरून एक लहान मुलगी हे म्हणाली आणि तिच्या आईने तिला घाईघाईने गप्प केलं. नोलीन हॅरिगनने मागे वळून पाहिलं नाही. मांडीवरची पिशवी तिने जरा जवळ ओढली आणि ती खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर नेहमीचंच होतं, कॉस्टाचं मासे-चिप्सचं दुकान, टपाल कचेरी, आणि उतारावर एकदम उघडा पडणारा समुद्र. मुलीच्या आवाजात राग नव्हता. तो बघ पोस्टमन, ती बघ दाताची डॉक्टर, असं मुलं जसं सांगतात तसंच तिने सांगितलं होतं, आणि नोलीनला तेच लागलं. रागावलेल्या माणसाला उत्तर देता येतं. आयुष्यभर शाळेत तिने मुलांना हेच शिकवलं होतं की बाळा, तुला जे दिसतं ते सरळ सांग. आणि या मुलीने सरळ सांगितलं होतं. तलाव बंद होता. बंदीची मागणी करणारा ठराव नोलीनने मांडला होता. सगळ्या सभागृहाने हात वर केले होते, लोक बाकांवर उभे राहिले होते, आणि कॉस्टाने तिच्या कंबरेचा काही विचार न करता तिला उचलून गोल फिरवलं होतं. त्या दिवशी त्यांना वाटलं होतं की तलाव वाचला.

तिच्या बापाच्या पिढीतल्या खाणकामगारांनी सुट्टीच्या दिवशी पहारी घेऊन बेलारा गावच्या किनाऱ्यावरच्या खडकात ते दोन तलाव खोदले होते. मोठा पोहणाऱ्यांसाठी आणि त्याच्या कुशीतला छोटा, मोठ्यांच्या कमरेइतका खोल, मुलांसाठी. समुद्राचंच पाणी, समुद्राशेजारीच, फक्त मधे भिंत. दर आठवड्याला ओहोटीला नगरपालिकेची दोन माणसं यायची, भिंतीतल्या झडपेचं लोखंडी चाक फिरवून पाणी सोडून द्यायची, खरखरीत झाडूंनी तळ घासायची, शेवाळ धरू नये म्हणून चुना मारायची, आणि भरती चढली की पुन्हा चाक फिरवायची. समुद्र घुसळत आत यायचा. बेलारात जन्मलेल्या माणसाला या कामाबद्दल कधी काही वाटलं नाही, जसं आपल्याला आपल्या श्वासाबद्दल काही वाटत नाही. रविवारी सकाळी नोलीन छोट्या तलावात कमरेइतक्या पाण्यात उभी राहायची आणि मुलांना पालथं धरून तरंगायला शिकवायची. पूर्वी गावातलीच मुलं असायची. अलीकडे टेकडीवरच्या भाड्याच्या घरांतली जास्त, निर्वासितांच्या छावण्यांतून आलेल्या कुटुंबांची, ज्यांनी समुद्र विमानातून पहिल्यांदा पाहिला. त्यांना भीती नसते, हीच तिची भीती. उत्तरेकडच्या खडकांपाशी पाणी वरून शांत दिसतं आणि खालून ओढून नेतं. तलावात पाणी नसलं की मुलं तिथे जातात. इथे ऐन उन्हाळ्यात येणारी नाताळची सुट्टी आता तोंडावर आली होती, उन्हं तापायला लागली होती, आणि तिला रोज सकाळी उठल्यावर सर्वांत आधी ते खडक डोळ्यांसमोर यायचे.

बस थांबली. ती उतरली आणि क्लबच्या हॉलकडे चालू लागली. आज तलाव वाचवणाऱ्या समितीची सभा होती आणि पिशवीत तिचा नवा ठराव होता, एका वाक्याचा: छोटा तलाव बंदीतून वगळावा, बाकी बंदी तशीच राहावी. इतकं साधं वाक्य. दुसरीतल्या मुलालाही समजेल असं तिने मुद्दाम लिहिलं होतं. चालताना तिला आठवलं, की सुरुवातीला समिती वगैरे काही नव्हतंच. थंडीतही पोहणारी पाचसहा म्हातारी माणसं पायऱ्यांवर टॉवेल गुंडाळून बसायची, थर्मासमधला चहा प्यायची. नगरपालिका तलाव एका कंपनीला भाड्याने देणार, काचेचं कॅफे होणार, फाटकावर तिकीट लागणार, अशी बातमी आली तेव्हा कॉस्टाने दुकानातल्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर लिहिलं, 'आमचं आहे'. तो पुठ्ठा पायरीवर टेकवून ते बसून राहिले. लोक येता-जाता थांबत. कोणी बिस्किटं आणून दिली. हे इतकंच होतं, आणि नोलीनला आता वाटे की तेवढंच राहिलं असतं तर कदाचित ते हरले असते. पण निदान हरले आहोत हे समजलं तरी असतं.

मग माणसं वाढली. इमोजेन आली, विद्यापीठातली, लाल टी-शर्ट, गळ्यात भोंगा, काखेत तिच्या गटाचं वर्तमानपत्र. हुशार मुलगी. पावसात एकटी उभी राहून सह्या गोळा करायची. तिनेच समजावलं की हा एका तलावाचा प्रश्न नाही, जे जे लोकांचं आहे ते सगळं असंच विकलं जातंय. नोलीनला ते पटलं. 'आमचं आहे'च्या जागी मोठं कापड आलं, त्यावर मोठे शब्द आले. दुसऱ्या बाजूने कॉस्टाचे मित्र आले, घरपट्टी वाढल्याने चिडलेले दुकानदार. त्यांचं म्हणणं, नगरपालिका म्हणजेच चोर, तिच्या हातात तलाव तरी कशाला. नोलीनला तेही थोडं पटलं. तिचा स्वभावच तसा होता. वर्गात दोन मुलं भांडली की ती दोघांचं ऐकून घ्यायची आणि दोघांच्याही म्हणण्यातलं खरं तेवढं वेचून काढायची. वर्गात याने भांडण मिटायचं. इथे मात्र प्रत्येकाला वाटायचं की ती आपल्या बाजूची आहे, आणि मग प्रत्येकाला वाटायचं की ती फिरली.

युनियनची बंदी ही इथली जुनी रीत. लोकांनी सभा घेऊन मागणी करायची आणि युनियनने आपल्या कामगारांना सांगायचं, त्या जागेवरच्या कामाला हात लावू नका. मग कोणाचा बुलडोझर येत नाही, कोणाची क्रेन उभी राहत नाही. नोलीनच्या मूळ ठरावात होतं, 'कॅफेचं कोणतंही बांधकाम'. इमोजेनने दुरुस्ती सुचवली, की 'त्या जागेवरचं कोणतंही काम' असं म्हणू, पळवाटच नको. कॉस्टा ओरडला, "शाब्बास पोरी, नाकच दाबा त्यांचं!" त्या दोघांचं एकमत झालेला तो एकमेव दिवस. झाडू मारणं हेही काम, चाक फिरवणं हेही काम, आणि ते करणारी माणसंही युनियनचीच, हे त्या हॉलमधल्या एकाही माणसाच्या मनात आलं नाही. बेलारात लहानाचे मोठे झालेले सगळे, आणि कोणालाच आठवलं नाही की तलाव आपोआप भरत नाही. सभेच्या दिवशीच ओहोटीला पाणी सोडलेलं होतं आणि ते परत भरायला कोणी आलं नाही. तळावर हिरवं शेवाळ चढलं, एक म्हातारा घसरून पडला, आणि नगरपालिकेने जाळीचं कुंपण ठोकून पाटी लावली: युनियनच्या बंदीमुळे बंद.

हॉलमध्ये खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. आजचा सूत्रसंचालक एक दाढीवाला शांत माणूस होता. सभेला अध्यक्ष नको, दर वेळी नवा सूत्रसंचालक, आणि टाळ्यांऐवजी हात वर करून बोटं हलवायची, या रीती इमोजेनच्या मित्रांनी आणल्या होत्या.

"हे काय, नखं वाळवताय का सगळे?" कॉस्टा दर सभेत हे म्हणायचा. आजही म्हणाला. त्याच्या छातीवर आज बिल्ला होता, त्याच्याच नावाचा. मार्चच्या निवडणुकीत तो नगरसेवकपदाला उभा होता.

नोलीनने उभं राहून आपलं वाक्य वाचलं. वाचून संपलं तेव्हा तिला क्षणभर खरंच वाटलं की झालं.

"नोलीन, तुमची तळमळ आम्हाला समजते," इमोजेन म्हणाली, आणि या सुरुवातीनेच नोलीनला पुढचं कळून चुकलं. "पण एक सूट दिली की बंदीला भोक पडलं. आज छोटा तलाव, उद्या मोठा, परवा कॅफे. आणि तलाव उघडला तर लोक घरी जातील. आज लोक चिडलेत ते तलाव बंद आहे म्हणून."

"पण तो उघडा राहावा म्हणूनच आपण जमलो ना?"

"शेवटी उघडा राहावा म्हणून."

"मुलांना शेवटी पोहायचं नाहीये, इमोजेन. या सुट्टीत पोहायचंय."

"ऐका, ऐका!" कॉस्टा म्हणाला. "पोरांचं पाणी तोडलं या युनियनने, मी कधीचा ओरडतोय."

"मग तू माझ्या ठरावाला हात वर करशील?"

कॉस्टाने डोकं खाजवलं. "नाही गं, नोल. अर्धवट सूट कशाला? सगळी बंदीच उठवा. ही सूट दिली की युनियन म्हणणार, बघा आम्ही किती चांगले. मार्चपर्यंत थांब. मी निवडून आलो की पहिल्या आठवड्यात उघडतो, तुला सांगतो, फीत तूच कापायची."

"मला फीत नकोय, गाढवा. मला पाणी हवंय."

हशा झाला. दाढीवाला सूत्रसंचालक म्हणाला की त्याला एक वेगळा दृष्टिकोन मांडायचा आहे. छोट्या तलावात आता शंख-शिंपले वस्तीला आले आहेत, चुना समुद्रात जातो तो वाईटच, तेव्हा ही जागा खडकांना परत द्यावी का, यावर एक वेगळं चर्चासत्र घ्यायला काय हरकत आहे. काही बोटं हलली. नोलीन दारापाशी उभ्या असलेल्या ग्लेनकडे बघत होती. ग्लेन डोहर्टी, युनियनचा प्रतिनिधी, गुडघ्याएवढा असताना तिच्या वर्गात रडत आला होता आणि आता दार भरून उभा होता.

"मिस, मला विचाराल तर," ग्लेन म्हणाला, "बंदी तुमची आहे, आम्ही फक्त पाळतो. तुमच्या समितीने ठराव दिला तर मी एका दुपारी ती झडप उघडून देतो. नाही दिला तर माझे हात बांधलेले. आमच्या पोरांनी या बंदीपायी पगार सोडलेत. ती कोणी गुपचूप मोडलेली मला चालणार नाही. कोणीही."

'कोणीही' म्हणताना त्याने जमिनीकडे पाहिलं. मग दुरुस्त्या आल्या, दुरुस्त्यांच्या दुरुस्त्या आल्या, आणि शेवटी ठराव निवडणुकीनंतर घ्यावा असं ठरलं. दोन्ही टोकांची बोटं एकदम हलली. नोलीन खाली बसली. तिच्या लक्षात आलं की या खोलीत प्रत्येकाला कोरडा तलाव उपयोगी आहे. इमोजेनला तो नगरपालिकेचा गुन्हा म्हणून दाखवता येतो, कॉस्टाला युनियनचा, नगरपालिकेला आंदोलनाचा. भरलेला तलाव कशाचाच पुरावा नसतो. त्यात फक्त मुलं असतात. हे कोणाला तरी ओरडून सांगावं असं तिला वाटलं, पण ती आयुष्यात वर्गावर ओरडली नव्हती, आणि आता आवाज कुठून काढायचा हेच तिला आठवेना. बाहेर पडताना कॉस्टाने तिच्या हातात गरम चिप्सचं पुडकं कोंबलं. "रागावू नकोस गं." ती रागावली नव्हती. ती दमली होती, आणि दमल्याचाच तिला राग आला होता. घरी जाऊन ती चिप्स न खाता बसून राहिली. त्यांचा तेलकट, व्हिनेगरचा वास खोलीभर पसरला.

रविवारी सकाळी ती पायऱ्या उतरली तेव्हा तिच्या हातात अंगणातला ताठ झाडू होता आणि ढकलगाडीत चुन्याची पिशवी. थंडीत पोहणारे जुने सोबती पायऱ्यांवर बसलेले होते. तलाव बंद असला तरी ते येत, चहा पीत, कुंपणाकडे पाहत. ग्लेन कुंपणाच्या फाटकापाशी होता. त्याला कोणी सांगितलं असेल, किंवा त्याने तिला ओळखलं असेल.

"मिस, नका."

"ग्लेन, बाजूला हो बाळा."

"तुमचे वडील क्लेम हॅरिगन. मी काय तुम्हाला शिकवू? युनियनने आखलेली रेघ ओलांडली की ओलांडली. मग ती कशासाठी ओलांडली, हे कोणी विचारत नाही."

"मला माहीत आहे."

ग्लेनने फाटकावरचा हात काढला. मग बाजूला झाला, पण फाटक त्याने उघडलं नाही. ते तिने स्वतः उघडलं. तिची पावलं छोट्या तलावाच्या ओल्या हिरव्या तळावर पडली तेव्हा वर पायऱ्यांवर काही तरी हललं. तिने मान वर करून पाहिलं. सोबत्यांमधली बार्ब उठली आणि वळून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग तिचा नवरा. मग बाकीचे, एकेक करून. टॉवेल गुंडाळलेल्या त्या पाठी नोलीनच्या ओळखीच्या होत्या. कोणाच्या खांद्यावर तीळ आहे आणि कोणाला कुठे टाके पडलेत, हे तिला ठाऊक होतं. संपफोड्याकडे बघायचं नाही ही इथली शिक्षा. शिवी नाही, दगड नाही. ती सात-आठ वर्षांची असताना शेजारच्या प्राइसने संप चालू असताना खाणीत पाऊल टाकलं होतं, आणि बापाने सांगितलं होतं, आजपासून ती माणसं नाहीत. प्राइसची मुलगी जुडिथ याच तलावात एका कोपऱ्यात एकटी पोहायची. बाकीच्या मुली तिच्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या, आणि नोलीनही राहायची, अगदी ताठ, अभिमानाने. समोर भिंत, भिंतीपलीकडे समुद्र आणि पाठीमागे एका मुलीच्या हातांचा पाण्यातला आवाज. तो आवाज कसा होता ते इतकी वर्षं तिच्या लक्षात होतं. पाठ फिरवलेल्या माणसाला सगळं ऐकू येतं, हे आता तिला समजलं. तिने झाडू टेकवला आणि घासायला सुरुवात केली, मुद्दाम जोरात, खर्र, खर्र, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

शेवाळ सुटायला वेळ लागला. खांदे भरून आले. चुना उडून डोळ्यांत गेला. तळ हळूहळू पांढरा दिसू लागला तेव्हा भरती भिंतीच्या पलीकडे चढत होती, दगडावर धपधप आदळत होती. ती झडपेपाशी गेली आणि चाक धरून तिने जोर लावला. चाक हललं नाही. दोन माणसांचं काम होतं ते, आणि मीठ चढून ते जाम झालं होतं. तिने पाय भिंतीला लावून ओढलं, झाडूच्या दांड्याने रेटलं, दांडा मोडला. समुद्र हातभर अंतरावर होता. दगडाला हात लावला की त्याचा हादरा तळव्याला लागत होता.

"नोल! आलो गं, आलो!"

कॉस्टा पायऱ्या उतरत होता, मागे दोन दांडगे पुतणे आणि फोन उंच धरलेली एक मुलगी. चौघांच्याही अंगात कॉस्टाच्या नावाचे निळे टी-शर्ट. "आख्ख्या बेलाराला दाखवू. एकटी बाई युनियनला भिडली! पोरांनो, धरा ते चाक."

"कॉस्टा, आधी तुम्ही तिघं टी-शर्ट काढा."

"काय?"

"टी-शर्ट काढा आणि फोन बंद करा. मग चाक धरा. नाहीतर वर जा."

"अगं, पाणी हवंय ना तुला? कोणाच्या हातून आलं याने काय फरक पडतो?"

तिने विचार केला. खरोखर विचार केला, कारण प्रश्न रास्त होता. पाण्याला खरंच फरक पडत नाही. पण या चाकाला त्या निळ्या अंगांनी हात लावला की उद्यापासून हा तलाव कॉस्टाचा होईल, मग त्याच्या विरोधकांना तो बंद करावा लागेल, मग पुन्हा कोणी उघडेल, आणि असं ते चाक फिरतच राहील. की हेही फक्त तिचं मत होतं, बाकीच्यांसारखंच एक, ज्यासाठी तीही आता मुलांचं पाणी अडवून धरत होती? हे तिला ठरवता येईना. कॉस्टा वाट पाहत होता. त्याचे कान लाल झाले होते. शेवटी तो पुटपुटला, "तू पण ना, त्या इमोजेनसारखीच झालीस," आणि पुतण्यांना घेऊन वर गेला. फोनवाली मुलगी मागे वळून वळून चित्रण करत राहिली.

नोलीन भिंतीला टेकून खाली बसली. वर पाठी तशाच होत्या, आणि फाटकापाशी ग्लेन, आत न येता, जाळीत बोटं अडकवून. किती वेळ गेला कोण जाणे. मग उत्तरेकडच्या खडकांवरून मुलं उतरताना दिसली, ओल्या चड्ड्या, खरचटलेले गुडघे. सगळ्यात पुढे टेकडीवरच्या भाड्याच्या घरांतली एह पॉ, तिच्या मागे तिची भावंडं. त्यांनी फाटकाकडे पाहिलंसुद्धा नाही, कुंपणाच्या खालून सरपटत आत आली आणि पांढऱ्या तळावर उभी राहिली.

"मिस, आज क्लास आहे?"

"तुम्ही खडकांवर होतात?"

एह पॉच्या केसांतून पाणी ठिबकत होतं.

"पालथी झोपा," नोलीन म्हणाली. "सगळी. ओळीत, भिंतीपासून लांब."

मुलं हसली, पण झोपली. कोरड्या तळावर पोट टेकून त्यांनी हात पुढे ताणले. ती त्यांच्यामधून फिरू लागली, कोणाचा गुडघा दाब, कोणाची टाच वळव, नेहमी पाण्यात करायची तसं. लाथा मारताना त्यांची पावलं दगडावर आपटत होती. चपचप असा हलका आवाज येत होता. ती सांगत होती, पाणी ओढू लागलं तर त्याच्याशी भांडायचं नाही, पाठीवर वळायचं, आकाशाकडे बघायचं, ओरडायचं. वळा. पुन्हा. वळा. वरच्या पाठींपैकी एक किंचित हलली, किंवा तिला तसा भास झाला.

"मिस," एह पॉने मान वर केली. तिच्या गालाला चुना लागला होता. "पाणी कधी येणार?"

नोलीनने वर पाहिलं. जा, त्यांना विचार, असं म्हणणं किती सोपं होतं. सगळ्यांना ओळीने पायऱ्यांवर पाठवायचं, त्या पाठींच्या समोर उभं करायचं, एकेकाला विचारायला लावायचं. जिभेवर आलेले शब्द तिने तसेच धरून ठेवले. तिथे गेली की ही मुलंही कोणाच्या तरी बाजूची झाली असती.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. आजवर कोणत्याही मुलाला तिने हे उत्तर दिलं नव्हतं. निदान शोधून सांगते असं तरी म्हणायची. "पाय सरळ ठेव. गुडघ्यातून नाही, कमरेतून. हां, असं. आता श्वास धर."

मुलांनी एकदम गाल फुगवले आणि तोंडं कोरड्या तळाला टेकवली.